अर्धं पेर रिकामी बरणी

तुम्ही माझ्या बायकोच्या जॅमची चव घेतली नाहीत. झाकणसुद्धा उघडलं नाहीत. बरणी उजेडात धरलीत, वरची अर्धं पेर जागा रिकामी दिसली, आणि चिठ्ठीवर तीन शब्द लिहून मोकळे झालात: नियमाप्रमाणे नाही, बाद. खाली सही नाही. ज्याला आपल्या निकालाखाली नाव घालायची छाती नाही त्यानं दुसऱ्याच्या जॅमवर निकाल देऊ नये, असं माझं मत आहे. हे मत मी थॉर्पलीच्या प्रदर्शनात, भर तंबूत, सगळ्या गावासमोर मोठ्यानं मांडलं. पुढं काय झालं ते तुम्हाला क्लाइव्हनं सांगितलं असेल. पण क्लाइव्ह तुमच्या समितीचा चिटणीस असला तरी सभ्य माणूस आहे, त्यानं निम्मं गाळलं असणार. म्हणून सगळं मीच सांगतो. अब्रू माझ्याच हातानं गेली आहे, तर तिची हकीकतही माझ्याच तोंडून गेलेली बरी.

मी वेंडल बर्गक्विस्ट. मळणीची यंत्रं दुरुस्त करतो. माझ्या कंपनीनं मला मिनेसोटाहून इथं दोन वर्षांसाठी पाठवलं आणि मग बहुतेक विसरली. त्याला सहा वर्षं होऊन गेली. बायको मार्लिस माझ्याबरोबर आली, कारण मी तिला सांगितलं होतं की इंग्लंडात भाषेची अडचण नाही. हे वाक्य ती मला अजून अधूनमधून ऐकवते.

अडचण कशाचीच नाही, हीच अडचण आहे. सगळे चांगले वागतात. गल्लीत समोरून गाडी आली की मी मागं घेतो, समोरचा हात वर करून आभार मानतो. असे हात मी हजारांनी पाहिलेत, त्यामागचं माणूस एकही भेटलेलं नाही. आमच्याकडं नवा शेजारी आला तर त्याचं सामान ट्रकमधून उतरायच्या आत त्याच्या दारात गरम भांडं पोचतं, आणि भांडं परत द्यायला गेलं की दोन तास बसवून घेतात. इथं शेजारच्या बेरिलबाईंनी भिंतीपलीकडून पहिल्यांदा हवेबद्दल बोलायला एक अख्खा हिवाळा घेतला. ते वाक्य होतं, "जरा गार आहे, नाही?" मार्लिस त्या दिवशी घरात गाणं म्हणत होती.

आणि आम्हाला नाव नाही. दुकानात, चर्चच्या दारात, पबमध्ये आम्ही म्हणजे 'अमेरिकन'. "अमेरिकनांची अंडी बाजूला काढून ठेव." "ती गाडी अमेरिकनांची का?" आमचं आडनाव जिभेला जड आहे हे मला मान्य आहे. पण मार्लिस हे नाव काही जड नाही. तेही कुणी घेतलं नाही.

जूनमध्ये तिच्या बहिणीचा, डार्लीनचा, फोन आला. तिच्या रस्त्यावरचं एक घर विकायला निघालं होतं. मोठा व्हरांडा, कपडे वाळवायचं यंत्र घरात, आणि हाकेच्या अंतरावर सख्खी बहीण. दर रविवारी डार्लीन विचारायची, "काय ठरलं?" आणि दर रविवारी मार्लिस माझ्याकडं बघायची.

मला परत जायचं नव्हतं. इथं माझा कांद्याचा वाफा आहे. पबमध्ये माझा एक कोपरा आहे, तिथं माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. ज्या गोष्टीनं बायको झुरत होती तीच गोष्ट मला मानवली होती. असा नवरा मिळायलाही नशीब लागतं.

शेवटी तिनं एकदा सांगून टाकलं. आम्ही दोघं दोरीवरचे कपडे ओढून काढत होतो, कारण पाऊस आला होता. पाऊस येणारच होता, कारण आम्ही कपडे वाळत घातले होते.

"गावचं प्रदर्शन होऊ दे," ती म्हणाली. "मग डार्लीनला सांगते."

"प्रदर्शनाचा काय संबंध?"

"बक्षीस मिळालं की तिथं कार्डावर नाव लिहितात, वेंडल. पूर्ण नाव. लोक वाकून वाचतात. तिसरं मिळालं तरी चालेल मला. या गावात माझं नाव कुणीतरी वाचताना मला बघायचंय. एकदा. नाही जमलं तर आपण घरी जायचं, आणि तू तोंड वाकडं करायचं नाही."

"आणि जमलं तर?"

"मग राहू. मग मी तोंड वाकडं करणार नाही."

तेव्हापासून त्या जॅमवर माझा जेवढा जीव होता तेवढा माझ्या कांद्यांवरही नव्हता. आलुबुखाराचं झाड आमच्या मागच्या अंगणात आहे. मी ते झाड हलवलं, फळं निवडली, बिया काढल्या, बोटं जांभळी करून घेतली. मार्लिस तिच्या आईच्या पद्धतीनं करते: साखर बेतानं, आच मंद, आणि बरणी भरताना वर अर्धं पेर जागा सोडायची. मग झाकण लावून भरलेली बरणी उकळत्या पाण्यात बुडवायची. बाहेर काढून ठेवली की निवताना झाकण आत ओढलं जातं आणि 'टक' असा आवाज येतो. तो आवाज आला की जॅम टिकला. आमच्याकडं मिनेसोटाच्या जत्रेत परीक्षक आधी ती मोकळी जागा बघतात. काठोकाठ भरलेली बरणी दिसली तर हात मागं घेतात, कारण तिचं झाकण नीट बसलंय याचा भरवसा नाही. मार्लिसच्या आईनं या अर्ध्या पेरावर आयुष्यभर निळ्या फिती जिंकल्या. आमच्याकडं निळी म्हणजे पहिली.

बरण्या खिडकीत ठेवल्या होत्या. बेरिलबाई भिंतीपाशी आल्या.

"रंग किती सुरेख आलाय," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. "तुम्ही तिथंच थांबता वाटतं? वरपर्यंत नाही नेत?"

"जागा सोडावी लागते," मार्लिस म्हणाली. "झाकण धरायला. माझी आई तसंच करायची."

"हो का? किती छान." पुन्हा थोडं बघून झालं. "मी आपली काठोकाठ भरते. वर कागदाची चकती. पण ती आमची जुनी सवय. तुम्हाला वाटेल तसं करा, अगदी."

त्या आत गेल्यावर मी म्हणालो, "बघ, बाईंना आवडलं."

इथल्या माणसानं 'तुम्हाला वाटेल तसं करा, अगदी' म्हटलं की हातातलं काम खाली ठेवावं आणि सगळं उलट करावं, हे सहा वर्षांत मला कळायला हवं होतं. बेरिलबाईंनी त्यांच्या परीनं भिंतीवर चढून ताशा बडवला होता. आम्हाला वाटलं, बाई कौतुक करून गेल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही बरणी नेऊन ठेवली. जाताना वाटेत मार्लिसनं गाडी थांबवायला लावली आणि कुंपणातली कसली तरी पांढरी-जांभळी फुलं तोडून घेतली. "रानफुलांचाही एक वर्ग आहे," ती म्हणाली. "दुधाच्या किटलीत ठेवून बघते."

"गवत आहे ते," मी म्हणालो. "जॅमवर लक्ष दे."

हे माझे शब्द. लिहून ठेवा.

मग तुम्ही सगळ्यांना बाहेर काढून तंबूचं दार दोरीनं बांधलंत आणि परीक्षक आत कोंडून घेतलेत. आम्ही बाहेर गवतावर सँडविच खात बसलो. दोरी सुटली तेव्हा सगळं गाव आत निघालं, कुणी घाई करत नसल्यासारखं आणि तरी माझ्यापेक्षा लवकर. मी सरळ जॅमच्या टेबलाकडं गेलो. बेरिलबाईंच्या बरणीला लाल कार्ड होतं. आमच्या हिशोबानं लाल म्हणजे दुसरा नंबर. मला बाईंबद्दल वाईट वाटलं. मी त्यांना तसं म्हणालोही: "पुढच्या वेळी नक्की." पहिलं बक्षीस मिळालेली बाई माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आभारी आहे."

मग आमची बरणी दिसली. आणि ती चिठ्ठी.

मी मार्लिसला शोधायला मान वळवली. ती तंबूच्या दुसऱ्या टोकाला फुलांपाशी उभी होती. तिच्या त्या किटलीला टेकवून एक पिवळं कार्ड ठेवलेलं मला एवढ्या लांबून दिसलं. पिवळं. आमच्याकडं पिवळ्या फितीला कुणी विचारत नाही, पण खेळात पिवळं कार्ड कधी दाखवतात ते मला इथं राहून चांगलं ठाऊक झालं होतं. ताकीद. म्हणजे जॅम बाद केला तो केला, वर तिच्या फुलांनाही ताकीद. माझं डोकं फिरलं ते तिथं.

क्लाइव्ह कांद्यांपाशी उभा होता. तंबूत छातीवर बिल्ला लावलेला माणूस तोच.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"परीक्षक बाहेरगावचे असतात, मिस्टर..." तो माझ्या आडनावाच्या काठावर येऊन थांबला. "जेवून गेलेसुद्धा ते."

"जेवले? म्हणजे जेवण चाखलं. जॅम का नाही चाखला?"

"तसं नसतं ते. आधी बरणी बघतात. बरणी भरलेली पाहिजे. नियमांत आहे तसं."

"आमच्याकडं काठोकाठ भरली तर बाद करतात. झाकण धरत नाही म्हणून. जॅम खराब झाला तर माणूस आजारी पडेल म्हणून."

"अरे वा," क्लाइव्ह म्हणाला आणि अर्धं पाऊल मागं सरला. "किती वेगळं."

"इथली माणसं पडत नाहीत का आजारी?"

"मी चौकशी करतो," क्लाइव्ह म्हणाला. आसपासची सगळी माणसं एकदम कांद्यांकडं बघायला लागली. एवढ्या निष्ठेनं त्या कांद्यांकडं आजवर कुणी बघितलं नसेल.

"वेंडल," लांबून मार्लिसनं हाक मारली. "वेंडल, इकडं ये जरा. हे बघ ना."

"आलो," मी म्हणालो, आणि गेलो नाही.

मी बरणी उचलली. झाकण उघडलं. चहाच्या टेबलावरून लाकडी चमच्यांचा गठ्ठा घेतला आणि म्हणालो, "तुमच्या परीक्षकांना चव घ्यायला वेळ नव्हता. तुम्हाला असेल. ज्याला घ्यायची त्यानं पुढं यावं."

कुणी आलं नाही. मी हातात उघडी बरणी घेऊन उभा. आयुष्यात मी इतका एकटा कधी पडलो नव्हतो, आणि मी मिनेसोटात उघड्या रानात हिवाळे काढलेत. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आहे, या गावात एक तरी न्यायी माणूस आहे. पुढं कळलं की त्याला चहाची रांग वाटली होती. पण तो उभा राहिला म्हणून त्याच्यामागं एक बाई उभी राहिली, तिच्यामागं तिचा नवरा, आणि बघता बघता रांग पार भोपळ्यांपर्यंत गेली. कशाची रांग आहे ते मागच्यांना माहीत नव्हतं. रांग आहे एवढं पुरे होतं.

एकेक जण येई, चमचाभर घेई आणि म्हणे, "छान आहे." पुढचा म्हणे, "अगदी छान." म्हातारा म्हणाला, "पण चहा कुठाय?" बरणी चाटूनपुसून संपली. मी ती रिकामी बरणी वर धरली. जिंकलो असं मला वाटलं. आता ते आठवलं की मी गाडीत एकटा असतानाही डोळे मिटून घेतो, आणि ते गाडी चालवताना बरं नाही.

क्लाइव्ह माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा कुणीतरी वारल्यासारखा होता.

"मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण मांडलेल्या वस्तूला बक्षिसं वाटून होईपर्यंत हात लावायचा नसतो. लावला तर त्या घरच्या सगळ्या वस्तू बाद होतात."

"सगळ्या कुठल्या? एक होती, ती तुम्ही आधीच बाद केलीय."

तो नुसता फुलांच्या टेबलाकडं बघत राहिला.

"ते पिवळं," मी म्हणालो.

"तिसरा क्रमांक," क्लाइव्ह म्हणाला. "रानफुलं. परीक्षकांना फार आवडली होती."

मी बघितलं. मार्लिस चष्मा लावून उभी होती. दोन बायका किटलीपुढं वाकल्या होत्या. एक बोट ठेवून वाचत होती, "मार्लिस... बर्ग... क्विस्ट. हे कुठलं हो नाव?" आणि माझी बायको सांगत होती, "स्वीडनचं. माझे सासरे..." तिचे गाल लाल झाले होते. तिनं ज्याच्यासाठी सगळा उन्हाळा काढला ते तिथं, माझ्यापासून चार टेबलं पलीकडं, घडत होतं, आणि मी इकडं हातात रिकामी बरणी घेऊन तिच्यासाठी लढत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तर दोन्ही हात दाखवले होते, वर चमच्यांचा गठ्ठा.

क्लाइव्ह गेला. त्यानं मार्लिसची माफी मागितली, मग कार्ड उचललं. उचलताना किटली हलली तर तिचीही माफी मागितली. त्या दोन बायकांनीही माफी मागितली, त्यांनी काही केलं नव्हतं तरी.

आम्ही घरी आलो. अंगणात दोरीवरचे टॉवेल भिजले होते. ती ते काढायला लागली. मीही लागलो.

"तुला पिवळं म्हणजे काय वाटलं?" तिनं विचारलं.

"ताकीद."

"फुलांना?"

"हो."

ती हसली. मग ते हसणं मध्येच कुठंतरी वळलं आणि तिनं ओला टॉवेल तोंडावर धरला. मी शेजारी उभा राहिलो. यंत्र असतं तर उघडून बघितलं असतं.

"वाचत होत्या त्या," ती टॉवेलमधून म्हणाली. "आडनावसुद्धा जमत आलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेरिलबाई भिंतीपाशी आल्या. मी वाफ्यात होतो, तसाच खाली बसून राहिलो.

"काल तंबूत जरा गडबड झाली म्हणे," त्या म्हणाल्या. त्या स्वतः रांगेत होत्या. दोनदा आल्या होत्या.

"झाली," मार्लिस म्हणाली.

"मार्लिस, त्यात तुम्ही साखर कमी घालता का?"

मी कांद्याच्या पातीआडून बघितलं. मार्लिस हातातला चिमटा तसाच धरून उभी होती. सहा वर्षांत पहिल्यांदा बाईंनी तिला नावानं हाक मारली होती.

"हो," ती म्हणाली. "आईची पद्धत."

"मला वाटलंच." बेरिलबाईंनी भिंतीवरचं एक वाळकं पान उचलून टाकलं. "परीक्षकांनी चाखून बघायला हवा होता."

हे तुम्ही नीट वाचा. बेरिलबाई तुमच्या प्रदर्शनात लग्नाच्या आधीपासून बरण्या ठेवताहेत. त्यांच्या तोंडून हे वाक्य म्हणजे दुसऱ्या कुणी तुमच्या तंबूला काडी लावण्यासारखं आहे.

"पुढच्या वर्षी काठोकाठ भरून बघा," त्या जाताना म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटेल तसं करा, अगदी."

"काठोकाठच भरीन," मार्लिस म्हणाली. ती माझ्यापेक्षा लवकर शिकते.

पण पुढचं वर्ष तिच्या हातात नाही. दुपारी क्लाइव्ह येऊन दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही, आणि म्हणाला की आमच्या घराला पुढच्या वर्षी भाग घेऊ द्यायचा की नाही यावर तुमचा विचार चालू आहे. संध्याकाळी डार्लीनचा फोन आला. मी जिन्यात बसून ऐकत होतो.

"नाही, अजून नाही सांगता येत," मार्लिस म्हणत होती. "समितीचं उत्तर यायचंय... नाही गं, व्हिसाचं नाही. जॅमचं... हो, जॅमचं. त्यांनी घेतलं तर राहायचं, नाही घेतलं तर त्या घराचं बोलून टाक... त्यानं? त्यानं काय करायचं ते केलंय."

त्याला आता बरेच रविवार झाले. घर अजून विकलेलं नाही. क्लाइव्हला विचारलं की तो म्हणतो, "विचार चालू आहे," आणि माझ्या कांद्यांचं कौतुक करतो. भाषेची अडचण नाही म्हणून मी इथं आलो होतो. आता भाषा येते, म्हणून 'विचार चालू आहे' म्हणजे काय ते मला कळतं. ते मला नको आहे.

नियम मोडला तो मी. बरणी उघडली मी, गावाला रांगेत उभं केलं मी, पिवळ्या कार्डाचा अर्थ मी लावला. तिनं फुलं ठेवली आणि मला दोनदा हाक मारली, एवढाच तिचा गुन्हा. तुम्हाला बंदी घालायची तर माझ्यावर घाला. प्रदर्शनाच्या दिवशी मी तंबूबाहेर, जिथं लोक कुत्री बांधतात, तिथं बसेन. हवं तर मलाही बांधा. कुणी पाण्याचं भांडं ठेवलं तर आभार मानीन.

पण मला एवढं सांगा: पुढच्या ऑगस्टात मार्लिस बर्गक्विस्टची बरणी त्या टेबलावर ठेवू देणार की नाही? हो की नाही, एका शब्दात. आणि या खेपेला खाली सही करून.